एकेचाळीस नंबरची अळंबी

ब्रायोनीच्या हातातल्या अळंब्यांच्या नोंदवहीत एकेचाळीस नंबरची चिठ्ठी अजून कोरी होती. आणि समोर शेवाळात, एका दुधी अळंबीशेजारी, एकेचाळीस नंबरची चिठ्ठी खोचलेली होती. अक्षर तिला अळंबी ओळखायला शिकवणाऱ्या थेल्माबाईंचं.

बाई तर रिकाम्या हातांनी ओढ्याकडे गेल्या होत्या. जाता जाता म्हणाल्याही होत्या, "झाडावरच्या पॉसमसारखे डोळे काय फाडतेस? टास्मानियाचं जंगल माणसं खात नाही. इथलं टिपून झालं की ये. नवी जात सापडली तर तुझंच नाव देऊ तिला, भित्री म्हणून!"

गेल्यावर ब्रायोनीच्या लक्षात आलं, बाईंच्या हृदयाच्या गोळ्या आपल्याच पिशवीत राहिल्यात. चारची गोळी. चार वाजायला दहा मिनिटं होती.

चिठ्ठीवर दोन गोष्टी होत्या. कशावर उगवली: मर्टलचं कुजकं खोड. वास: बदामाचा. अशी अळंबी तिनं कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती. चार पावलांवर आणखी एक दिसली. बेचाळीस. बाई याच वाटेनं गेल्या म्हणायच्या. ती वाकूनच पुढे सरकली.

कशावर उगवली: लोकर. वास: डांबरगोळ्यांचा.

बाईंच्या स्वेटरला असाच वास... छे. कुणीतरी टाकलेलं जुनं कापड असेल. खरं तर सुरीनं शेवाळ उचलून खाली काय आहे ते बघायचं असतं. तिनं सुरी काढली, आणि परत म्यानात घातली.

त्रेचाळीस. कशावर उगवली: केस.

अळंबी शोधणारे चुकतात ते असेच. नजर जमिनीला, आणि परतीच्या खुणेसाठी झाडांना फीत बांधायचं भान नाही. तिनं मान वर केली तेव्हा मागची लाल फीत दिसत नव्हती. ओढ्याचा आवाजही थांबला होता. मर्टलच्या बुंध्यांमधून धुकं खाली उतरत होतं, आणि चहूकडे ओल्या मातीचा, गोडसर, कोंदट वास.

चव्वेचाळीस. कशावर उगवली: कातडी. वास: आता येत नाही.

शाई ओली होती. बोटाला लागली.

"बाई..." ती पुटपुटली. तिनं गोळ्यांची डबी मुठीत आवळली, छातीत हवा भरली आणि इथली सगळी माणसं जंगलात घालतात ती साद घातली, "कूऽऽई!"

रीत अशी की ऐकणाऱ्यानं लगेच कूऽऽई करायचं. कुणी केलं नाही.

"कूऽऽई! थेल्माबाई, तुमची गोळी राहिलीय हो! कुठे आहात?"

पानांवरून थेंब पडत होते. मग तेही थांबले.

"बाई, थट्टा पुरे... मला खरंच भीती वाटतेय."

तेव्हा उत्तर आलं. थेल्माबाईंचाच आवाज, नेहमीसारखा मायेचा. पण ब्रायोनीच्या घोट्यांच्या उंचीवरून, डावीकडून, उजवीकडून आणि पाठीमागून, एकदमच.

"जागची हलू नकोस गं, पोरी... आम्ही तुझ्या पायाखाली आहोत."