ज्याच्या त्याच्या कानातली शर्वाणी

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाखालच्या बोगद्यात आता बर्फ हातभर अंतरावर आला होता, आणि बोगदाप्रमुख शर्वाणी कामथे नियंत्रणकक्षात खुर्चीवर टेकायला तयार नव्हती.

पृथ्वीवर तिच्या हाताखाली एकही टोळी टिकली नव्हती. गोड बोललं की पुरुष म्हणत, "बाईत दम नाही." दरडावलं की बायकाच म्हणत, "माया म्हणून नाही हिला!" इथे मात्र तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं.

ही किमया डॉ. जयवंत मुळ्यांच्या 'स्वरसांधा' या यंत्राची. हुकूम कसा असावा, हे माणूस लहानपणीच शिकतो. कुणाला बापाचा दरारा कळतो, कुणाला आईचं आर्जव. मुळ्यांनी प्रमुखाचा स्वभाव बदलायचा नाद सोडून ऐकणाऱ्याचाच कान धरला. कानातली गुंडी अर्थ तोच ठेवी; आवाज आणि ढंग मात्र ज्याला जो मानवेल तो. ती जेवतानाही कुणी काढत नसे.

"डॉक्टर, भिकाजीला मी कशी ऐकू येते?"

मुळ्यांनी कळ दाबली. घोगरा, भारदस्त आवाज गरजला, "भिकाजी, ड्रिल सावकाश!"

शर्वाणी खो खो हसली. "आणि रेवतीला?"

"रेवू, बाळा, ड्रिल सावकाश हं."

तिचं हसू ओसरलं. "बर्फ लागल्याची बातमी मी माझ्या आवाजात देणार. बंद करा ते यंत्र."

"कामथेबाई, आज नको. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नका."

"दोन वर्षं राबलेय मी यांच्याबरोबर! ओळखतात ते मला."

मुळ्यांनी नाइलाजाने कळ फिरवली.

तेवढ्यात ड्रिल आत घुसलं. पडद्यावर पांढराशुभ्र फवारा उडाला. चंद्रावरचं पाणी! खाली माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली, आणि शर्वाणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. डोळे पुसून पाहते तो त्यांच्या डोक्यावरच्या छताला तडा गेलेला.

"मागे फिरा! छत सुटतंय!" ती जीव तोडून ओरडली.

कुणी हललं नाही.

"कोण बोलतंय?" भिकाजीने विचारलं. "साहेबांचा हुकूम आल्याशिवाय जागा सोडायची नाय आपण."

"अरे, मीच! शर्वाणी!"

"आमच्या ताई अशा बोलत नाहीत," रेवती ठसक्यात म्हणाली. "लाइन मोकळी करा."

तडा रुंदावत चालला.

"चालू करा ते!" शर्वाणी मुळ्यांवर किंचाळली. कळ फिरली. "मागे फिरा!"

सारी टोळी वाऱ्यासारखी सुटली. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि छत कोसळलं.

सगळे वाचले! जल्लोषाला नुसता ऊत आला. रेवती रडत रडत "ताई, ताई" करत होती. शर्वाणीचा ऊर भरून आला. माणसं जिवंत होती, याहून मोठं काय हवं?

"साहेब, तुमच्यामुळे वाचलो," भिकाजी म्हणाला. "पण मघाशी एक बाई लाइनवर घुसून ओरडत होती, तिला पहिली इथून घालवा. तिच्यापायी एखाद्याचा जीव जाईल."

शर्वाणीने मुळ्यांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

"घालवली," ती म्हणाली, आणि ते ज्याला त्याला हव्या त्या आवाजात ऐकू गेलं.