तेच तेच तुकडे

केतकी माणसांपासून दोन हात लांबच राहायची. त्यामुळे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, बसस्टॉपवर शेजारच्याने "मराठी का?" विचारलं, तेव्हा तिने नुसती मान हलवली. भुरभुर पावसात मांडीवरचा लॅपटॉप बंद पडला होता आणि तिच्या तोंडून "मेला परत अडकला!" निघालं होतं, एवढंच.

तो निमिष. तिच्यासारखाच पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. "बघू का?"

"बघा. पक्ष्यांची जनुकं आहेत, चावणार नाहीत."

गाणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांच्या एका कुळात इतक्या झटपट इतक्या जाती कशा झाल्या, हा तिच्या पीएचडीचा विषय. निमिष दर शनिवारी युनिव्हर्सिटीत येऊन तिचा प्रोग्रॅम दुरुस्त करू लागला. निघताना प्रश्न ठरलेला — "चहा घेणार?" उत्तरही ठरलेलं — "काम आहे."

अकराव्या शनिवारी निकाल आला. सगळ्या जाती जवळजवळ सारख्याच! सोमवारी गाईडला हे दाखवलं की स्कॉलरशिप बंद आणि आपण घरी. केतकी शांतपणे पुण्याची विमानं बघू लागली.

"थांब..." निमिषचा चेहरा पडला. "त्यात तेच तेच तुकडे हजारदा येत होते. मला वाटलं डुप्लिकेट आहेत. मी काढून टाकले."

"काढून टाकलेस? अरे शहाण्या, तेच तर उड्या मारतात! स्वतःच्या नकला करत जिथे तिथे घुसतात, सगळी मांडणी बदलतात. माझी सारी भिस्त त्यांच्यावर होती!"

मूळ डेटा शाबूत होता म्हणून निभावलं. रविवारभर दोघांनी सगळं पुन्हा चालवलं आणि जातीजातींतला फरक लख्ख दिसला. सोमवारी गाईड म्हणाली, "ग्रँड." आयर्लंडमध्ये शाबासकी एवढीच मिळते.

पुढच्या शनिवारी निमिष आला नाही. त्याच्या पुढच्याही. केतकीला काही वाटायचं कारण नव्हतं. तरी तिने चारदा दाराकडे पाहिलं, स्वतःवरच चिडली आणि तडक बसस्टॉप गाठला. तो तिथेच उभा होता.

"येत का नाहीस?"

"काम संपलं ना... आणि अकरा वेळा नाही म्हणालीस. म्हटलं, तेच तेच किती विचारायचं?"

"म्हणजे परत काढून टाकलंस!" केतकी म्हणाली. "त्या तेच तेच विचारण्यानेच मी बदलले रे. मला तू आवडतोस. विचार ना पुन्हा."

"चहा... घेणार?"

बस आली. केतकीने ती जाऊ दिली.

"घेणार," ती म्हणाली. "आलं घालून."