जन्माच्या दिवशीचं रक्त

"कुणी इचारलं तर माहेराला होते म्हणून सांग. त्याउप्पर तोंड उघडायचं नाय."

सव्वीस वर्षांपूर्वी उंबऱ्यातच सासूबाईंनी हे बजावलं होतं. प्रणालीच्या हातात कपड्यांची पिशवी होती, आणि सासूबाईंच्या कडेवर पाच महिन्यांचं लेकरू, आईकडे परक्यासारखं बघणारं. सासूबाई गेल्या, आवाज राहिला. भरतीसारखा दिवसातून दोनदा यायचा, आणि प्रणाली गप्प बसायची. सुकाणू धरून फार तर स्वतःशी गुणगुणायची:

पाण्याच्या पोटामंदी किती बाई बुडालं गं
वरून माझी तर चाले, पाणी नाही बोललं गं

खाडी ओलांडणाऱ्या बोटीला इथे अजून 'तर' म्हणतात. नवऱ्याच्या मागे प्रणालीने ती चोवीस वर्षं चालवली. आता गुडघे साथ देईनात, म्हणून परवाना लेकीच्या, शरयूच्या नावावर व्हायचा होता. पोहणं, इंजिन, वाऱ्याची पारख, सगळ्यात शरयू पहिल्या फटक्यात पास झाली. अडलं ते मनपटावर. प्रवासी वाहणाऱ्या प्रत्येकाला ही नवी रक्तचाचणी आता सक्तीची होती.

धक्क्यावरच्या शेडमध्ये परवाने देणारं खाडी मंडळ बसलं होतं. पडद्यावर शरयूचा मनपट उमटला: निळ्या रेघा, आणि शेवटी एक लाल पट्टी.

"सोपं करून सांगा, डॉक्टरीणबाय," मागच्या बाकावरून दाऊदचाचा म्हणाले. "आमाला लाल म्हणजे मिरची, एवढंच ठावं."

डॉ. केतकी मोने हसल्या. "जनुकं म्हणजे पुस्तक धरा, चाचा. शरयूच्या पुस्तकातलं एक अक्षरही चुकलेलं नाही. पण काही पानांवर रासायनिक खुणा चिकटल्यात. कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटून ठेवायचं, ते या खुणा ठरवतात. आईला मोठा धसका बसला की पोटातल्या बाळातही त्या उमटू शकतात. ताण पेलायची पानं मिटून राहिली, की मनाच्या आजाराचा धोका थोडा वाढतो."

"थोडा," शरयू म्हणाली. "आणि हे रक्त कधीचं?"

"जन्माच्या दिवशी टाचेतून घेऊन जपून ठेवलेलं. सगळ्यांचं तेच वापरतात."

"म्हणजे माझं बारसंही झालं नव्हतं! त्यानंतर मी जेवले, हसले, शिकले. दोन वादळांत माणसं सुखरूप काठाला लावली. त्याच्या खुणा कुठायत?"

"खुणा बदलतात, काही पुसल्याही जातात," डॉक्टर ओशाळून म्हणाल्या. "पण मंडळाच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"मग त्या फॉर्मलाच एकदा टाचेत टोचा!" दाऊदचाचा ओरडले. शेड हसली.

अध्यक्ष वर्तकसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "नियम असा आहे. लाल पट्टी आणि घरात मनाचा आजार, दोन्ही असेल तर परवाना नाही. नुसती पट्टी असेल तर माझ्या सहीने मिळतो. प्रणालीताई, तुम्ही गरोदर असताना यजमानांची होडी बुडाली, हे अख्ख्या खाडीला माहीत आहे. धसका बसणारच. पण त्यापुढे काही नाही ना? नाही म्हणा, मी सही करतो."

एवढा एकच शब्द. तो जिभेवर तयार होता, इतक्या वर्षांच्या सवयीने गुळगुळीत झालेला. शरयूने तर पेन पुढे सरकवलंसुद्धा.

बाकाच्या टोकाला नाझनीन बसली होती, शरयूच्या जोडीने धक्क्यावर दोर झेलणारी. तिचाही अर्ज होता, तिच्याही मनपटावर लाल पट्टी होती. भाऊ मनाच्या आजाराची औषधं घेतो, हे तिने मघाशी याच टेबलासमोर खरं सांगितलं, आणि अर्जावर फुली पडली. ती रडत नव्हती. बाकाचा रंग नखाने खरवडत होती.

प्रणाली उठली. गुडघा कटकन वाजला.

"आहे," ती म्हणाली.

वर्तकसाहेबांचा हात थांबला. "ताई, नीट विचार करून बोला."

"सव्वीस वर्षं तेच केलं, साहेब." तिने लेकीकडे बघितलं, आणि मग नजर हलवली नाही. "शरयू, तू दहा दिवसांची होतीस. मला कुणीतरी पाण्यातून हाका मारतंय असं वाटायचं. तुला पोटाशी धरून मी कमरेएवढ्या पाण्यात गेले होते. लोकांनी ओढून काढलं. साडेचार महिने मनोरुग्णालयात होते मी. गोळ्या घेतल्या, बरी झाले, घरी आले. आणि तुझ्यापासून हे लपवलं."

शरयूने पुढे सरकवलेलं पेन उचलून खिशात टाकलं आणि आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

प्रणाली टेबलाकडे वळली. "आता मारा फुली. नाझनीनच्या शेजारी माझ्या पोरीची. पण साहेब, तुमची दोन्ही मुलं रोज शाळेत मीच पोचवली. या वेडीने. तुमचा नियम खरा असेल, तर सगळ्यांदेखत सांगा: चोवीस वर्षं ही खाडी तुम्हाला पार करून दिली, ती कुणी?"