तीन मिनिटांची लाइन

वसमतला हळदीचा हंगाम सुरू झाला की मोंढ्याच्या बाजारालगतच्या घरांना पिवळी झाक येते. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, माठाच्या झाकणावरसुद्धा. त्यामुळे रुख्मिणीबाईंचा कॉम्प्युटर पहिल्यांदा अडकला तेव्हा सगळ्यांनी दोष हळदीला दिला.

कॉम्प्युटर त्यांनी एकटीच्या करमणुकीला घेतलेला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्याला पंधरा वर्षं होत आली होती. कीर्तन ऐकावं, लोणच्याची एखादी कृती बघावी, एवढंच त्याचं काम. पण यंदा भावाची धाकटी लेक शितल भरतीच्या परीक्षेच्या तयारीला त्यांच्याकडे येऊन राहिली आणि कॉम्प्युटरला खरी नोकरी लागली. शितलचा हा दुसरा प्रयत्न. यंदा यादीत नाव लागलं नाही तर दिवाळीनंतर लगीन, हे भावानं तिची पेटी उंबऱ्यात ठेवता ठेवताच सांगून टाकलं होतं. क्लासचे सगळे तास व्हिडिओवर, आणि क्लासचं लॉगिन एकाच यंत्रावर चालणारं. ते यंत्र म्हणजे हे.

गणिताचे सर पेन उचलून काही सांगत असत आणि तसेच थांबत. तोंड अर्धं उघडं, डोळा मिटता मिटता राहिलेला. बाण हलत नसे. कोपऱ्यातलं घड्याळही पुढे सरकत नसे. बंद करून पुन्हा लावावं, तर सर थोडं बोलत आणि पुन्हा पुतळा होत.

बसस्टँडजवळ साजीदचं दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीतला, सावकाश माणूस. त्यानं डबा उघडला, पंखा ब्रशनं झाडला.

"मावशी, आत फोडणीला पुरंल इतकी हळद हाये. पण पंखा बराबर फिरून राहिला. हे हळदीचं काम न्हाई."

"मग कशाचं?"

"बघू की. आजार पकडाया वेळ लागतो."

त्यानं साठलेला कचरा पुसला, व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम नवा टाकला, मेमरीची पट्टी बदलली, आपल्या मोबाईलचं नेट जोडून पाहिलं. फरक पडला नाही. मग डबा काखोटीला मारून दुकानात नेला. तिथे त्यावर अडीच तास कव्वाली चालली, एकदाही थांबली नाही. घरी आणला, सर पुन्हा पुतळा झाले. शेवटी साजीदनं दुकानातला स्वतःचा कॉम्प्युटर आणून त्याच टेबलावर मांडला. तोही थांबला.

साजीदनं वायरी गुंडाळायला घेतल्या. "माझ्यात तर कालच सगळं नवं भरलंय," तो म्हणाला. त्यानं पैसे घेतले नाहीत. जाताना चहाही घेतला नाही.

रुख्मिणीबाईंना एक सवय होती. नोकरीत लाइन बिघडली की त्या वहीत लिहीत: वेळ, बिघाड, उपाय. तीच वही त्यांनी आता उघडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा नोंदी झाल्या आणि अकराही नोंदींत एकच आकडा आला. व्हिडिओ कुठूनही लावा, कोणताही लावा, लावल्यापासून बरोबर तीन मिनिटांनी तो थांबत होता.

खरं तर वही नसती तरी त्यांना कळलं असतं. तीन मिनिटं त्यांच्या अंगात मुरलेली होती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा परगावी बोलायचं म्हणजे आधी चिठ्ठी भरून कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचं. लाइन मिळाली की ऑपरेटर दोर खोचून जोडून देई. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारी, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" होकार आला तर आणखी तीन. नाही आला तर दोर ओढायचा. रुख्मिणीबाई घड्याळाकडे न बघता विचारत, आणि एक सेकंदही चुकत नसत. याचा त्यांना फार अभिमान होता.

एकदाच तो अभिमान त्यांना बोचला होता. अठ्ठ्याहत्तर साली, बदलीच्या एका गावी. बाळापूरकडचा सटवाजी नावाचा शेतकरी आला होता. त्याची लेक तिकडे हैदराबादेत दवाखान्यात होती. हॅलो हॅलो करण्यातच अर्धा वेळ गेला, मग लेकीचा आवाज आला, आणि तीन मिनिटं झाली. रुख्मिणीबाईंनी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. त्यांनी दोर ओढला. सटवाजी फोनच्या खोक्यातून बाहेर आला आणि खिडकीशी उभा राहून म्हणाला, "बाई, म्या मान हलवली की. दोनदा हलवली."

त्या दिवशी लाइन पुन्हा मिळाली नाही. दिवेलागणीपर्यंत तो बाकावर बसून होता. पुढं काय झालं ते रुख्मिणीबाईंना कळलं नाही. त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

बाराव्या नोंदीच्या वेळी त्या पलंगावर डाळ निवडत बसल्या होत्या. सर बोलता बोलता थांबले. बोटं डाळीतच होती आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

शितलला हसू फुटलं. "वाढवा की, आत्या! परीक्षा चार दिवसांवर आली."

सरांचा डोळा मिटला. पेन खाली आलं. व्हिडिओ चालू झाला.

तीन मिनिटांनी तो पुन्हा थांबला. आत्यानं विचारलं, शितल "वाढवा" म्हणाली, चालू झाला. पुढच्या वेळी शितल मुद्दाम गप्प राहिली. सर हलले नाहीत. ती "वाढवा" म्हणाली तेव्हाच हलले.

"आवाजावर चालत असंल," शितल म्हणाली. "आजकाल निघालंय तसं."

"असंल बाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं. पण पोरीचा अभ्यास होत होता. दोन दिवस त्या शेजारी बसून विचारत राहिल्या आणि पोरगी हसत "वाढवा" म्हणत राहिली. शेजारच्या शरीफाबीनं भिंतीपलीकडून विचारलंसुद्धा, "काय वाढून राहिल्या गं दोघी दिवसभर? पंगत बसली का?"

तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाईंना डोळे तपासायला जावंच लागलं. डोळ्यांत औषध टाकून तासभर बसवलं, त्यातच दुपारचे बारा वाजून गेले. पोरगी अडकून बसली असेल या घोरानं त्या रिक्षानं परतल्या. दार उघडून पाहतात तो व्हिडिओ सुरळीत चाललेला. कुलरच्या आवाजात नीट ऐकू यावं म्हणून शितलनं कानांवर हेडफोन चढवले होते आणि ती भराभर वही भरत होती.

तेवढ्यात तिनं मान हलवली. कुणाला तरी होकार द्यावा तशी.

"शितल."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "आल्या व्हय? सकाळपासून एकदाही अडलं न्हाई, आत्या. आता तीच विचारते."

"कोण?"

"आतली बाई. तीन मिनिटं झाली, वाढवायची का, म्हणते. तुमच्यासारखंच. म्या नुसती मान हलवते, तिला कळतं."

रुख्मिणीबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. औषधामुळे डोळ्यांपुढे सगळं पांढुरकं होतं. तारेवरून मान दिसत नाही, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. तारेवरून मान दिसत नाही.

"चहा टाक," त्या म्हणाल्या. "मी बसते जरा."

शितल स्वयंपाकघरात गेली. रुख्मिणीबाईंनी हेडफोन कानांवर घेतले. आत सर टक्केवारी शिकवत होते. त्यांच्या आवाजामागे बारीक खटखट ऐकू येत होती, दोर खोचल्याची आणि ओढल्याची. लाकडी बाक करकरला. कुणीतरी खोकलं.

मग सर थांबले.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

आवाज पंचविशीतल्या बाईचा होता. 'मिनिटं' म्हणताना किंचित घाई करणारा. या घाईबद्दल ऑफिसातल्या थोरल्या बाई तेव्हा त्यांना रोज रागवायच्या. रुख्मिणीबाईंनी तो आवाज लगेच ओळखला, आणि ओळखल्यावरही त्यांना काही उमगलं नाही.

खात्याचा एक नियम मात्र त्यांना पक्का आठवला. ज्या कॉलची चिठ्ठी नाही, तो कॉल चालू ठेवायचा नाही. मग तो कुणाचाही असो.

"नाही," त्या म्हणाल्या. "तोडा."

खट्‌ असा आवाज झाला. पडदा जागच्या जागी थिजला.

"आत्या, साखर किती टा—"

स्वयंपाकघरातून एवढंच आलं.

"शितल?"

रुख्मिणीबाई वळल्या. दारातून शितल दिसत होती. ओट्यापाशी उभी, साखरेचा चमचा हवेत, तोंड अर्धं उघडं. एक डोळा मिटता मिटता राहिलेला. नळ चालू होता आणि पाणी तिच्या डाव्या हातावरून वाहत होतं. गॅसवर दूध चढत आलं, भांड्याच्या काठावर क्षणभर थांबलं आणि उतू गेलं. ओढणीचं टोक वाऱ्यानं हलत होतं. ती हलत नव्हती.

"शितल! अगं ए!"

कानात नुसती शांतता होती. तुटलेल्या लाइनची.

"वाढवा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. मग ओरडल्या, "वाढवा! अहो बाई, वाढवा!" आणि तेवढ्यानं भागेना म्हणून मान हलवली. दोनदा हलवली.

खट्‌.

"—कू?" शितल म्हणाली. चमचा खाली आला. "अगं बया! आत्ता तर ठेवलं होतं दूध, कवा उतू गेलं?"

सर टक्केवारी शिकवत होते.

शितल चहा घेऊन बाहेर आली. "सरका आता. दोन धडे राहिलेत माझे."

"तू वहीतून वाच आज. मी ऐकते."

"तुमाला काय करायची टक्केवारी या वयात?"

"ऐकू दे गं."

"माझ्याकडं अशा काहून बघून राहिल्या?"

"औषधानं."

चहा गार झाला. सरांचा धडा संपत आला तसा रुख्मिणीबाईंनी दुसरा लावला. दर तीन मिनिटांनी आवाज आला. दर तीन मिनिटांनी त्या "वाढवा" म्हणाल्या. आत शितल मोठ्यानं पाढे पाठ करत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. प्रत्येक वेळी उत्तर देण्याआधी क्षणभर तिचा आवाज कापल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा जोडला जायचा. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

किती वेळा झालं, याची नोंद रुख्मिणीबाईंनी ठेवली नाही. हेडफोनची तार आखूड होती. खुर्चीवरून उठता येत नव्हतं.

मग एकदा "वाढवा" म्हटल्यावरही ती खटखट लगेच सुरू झाली नाही. पलीकडे कागद सारखे केल्याचा आवाज आला. खुर्ची मागे सरकली.

"बाई," आवाज म्हणाला, अगदी अदबीनं, एका ऑपरेटरनं दुसरीला सांगावं तसा, "माझी ड्यूटी दोनला संपते. चार्ज घ्यायला अजून कोणी आलेलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. आत शितल जेवणाची ताटं मांडत होती.