गाडी केव्हाच निघाली होती

शेवंतामावशीच्या हातून दुसऱ्यांदा पेला निसटला, तेव्हा अकरा वर्षांची तेजल तिच्याकडे नीट पाहू लागली. मावशीचं तोंड एका बाजूला कललं होतं. ती काहीतरी सांगू बघत होती, पण शब्द जिभेवरच अडखळत होते.

साल होतं २०४८. तेजलचे आजोबा डॉ. वामनराव खरात लोणार सरोवरातल्या सूक्ष्मजीवांवर (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांवर) संशोधन करत. शेवंतामावशी वीस वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत मदतीला होती. आजोबांनी मावशीला खाली बसवलं आणि १०८ ला फोन लावला.

"पत्ता सांगा, काका. जवळची खूण?" एका बाईंचा शांत आवाज आला.

आजोबांनी सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न. "पेशंट शुद्धीवर आहे? श्वास नीट चालू आहे?"

"अहो, प्रश्न कसले विचारता? आधी गाडी पाठवा!" आजोबा ओरडले. तेजलने फोन घेऊन स्पीकर सुरू केला.

"बाळा, गाडी केव्हाच निघाली," बाई म्हणाल्या. "पत्ता कळताच माझ्या सहकाऱ्याने ती पाठवली. तू जे सांगशील ते गाडीतल्या डॉक्टरांना दिसतं, म्हणजे ते तयारीनिशी येतील. फोन ठेवू नकोस. मावशींना दोन्ही हात वर करायला सांग."

डावा हात वर येईना.

"त्या शेवटच्या ठीक कधी होत्या?"

तेजलने आठवून पाहिलं. "शाळेची बस आली तेव्हा. माझ्याशी छान बोलल्या. चार दहा झाले होते."

"हे पाणी पाज तिला," म्हणत आजोबा धावत आले. ते ऐकून बाई म्हणाल्या, "पाणी नको! हा पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडणे) असू शकतो. गिळता आलं नाही तर पाणी श्वासनलिकेत जाईल. त्यांना कुशीवर निजवा. काका, तुम्ही फाट्यावर उभे राहा, गाडी चुकायला नको."

आजोबा अनवाणीच पळाले. मावशीचा हात धरून तेजल बसून राहिली. फोनवर तो शांत आवाज सुरूच होता.

चौदाव्या मिनिटाला गाडी अंगणात शिरली. गाडीतच मेंदूचं चित्र घेणारं यंत्र होतं. चित्र पाहून डॉक्टर मीनाक्षी ढवळे म्हणाल्या, "रक्तस्राव नाही, रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारं औषध सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. चार दहाची वेळ कुणी सांगितली?"

आजोबांनी तेजलकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं.

आठवड्याने मावशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काठी टेकत चालत होती. शब्द सावकाश येत होते, पण येत होते. डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी अशी गाडी प्रत्येक तालुक्यात असेल."

"मी उगाच त्या बाईंवर ओरडलो," आजोबा म्हणाले. "जन्मभर प्रश्न विचारणारा माणूस मी! आणि त्यांचे प्रश्न हाच उपचार होता, हे मला कळलं नाही."

"त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं," तेजल म्हणाली. "आत्ता काय करत असतील त्या?"

"करतील काय? कुणाला तरी सांगत असतील, 'बाळा, फोन ठेवू नकोस.'"