पिवळे ठिपके

रविवारी दुपारी जेवण उरकून शशिकांतने गाडीची किल्ली घेतली.

"आज कसलं ऑफिस?" अलकनंदाने विचारलं.

"छोटं काम आहे. चहाला येतो."

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातून गुडगाव गाठेपर्यंत धुळीची आंधी उठली. भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. ऑफिसच्या दारात चौकीदार विष्णू तोंडाला गमछा बांधून बसला होता.

"साहब, बत्ती गुल है. लिफ्ट बंद. सीढ़ी से जाइए."

वर कॉम्प्युटर बॅटरीवर सुरू झाला. पडद्यावर चंद्रपूरकडची कोळशाची खाण उघडली. छताच्या आधाराला ठेवलेला कोणता खांब कधी काढायचा, ते आधी या खोट्या खाणीत चालवून बघायचं, हे शशिकांतचं काम. यात माणसं म्हणजे पिवळे ठिपके.

तिथले मुकादम तात्याराव एकदा फोनवर म्हणाले होते, "साहेब, तुमच्या डब्यात आम्ही पण असतो का?"

"असता की. पिवळे ठिपके."

"मग जपून चालवा. हळद लागलीय आम्हाला!"

पण ठिपके खांबाजवळ असले की प्रोग्राम थांबायचा. वरचे लोक घाई करत होते. शशिकांतने ठिपकेच काढून टाकले. रिकाम्या खाणीत खांब भराभर निघाले. योजना मंजूर झाली.

खरी खाण रिकामी नव्हती. छत बसलं. तात्याराव आणि त्यांची सगळी पाळी आतच राहिली.

उद्या चौकशी. आज ठिपके परत घालायचे, मागची तारीख टाकायची. मग योजना चोख होती, ती पाळली नाही हा दोष तात्यारावांवर. ते काही बोलायला येणार नव्हते.

त्याने ठिपके घातले. खाण चालू केली.

ठिपके कामावर गेलेच नाहीत. वळले, आणि सगळे मिळून खाणीच्या लिफ्टकडे निघाले. त्याने प्रोग्राम थांबवला. ठिपके चालतच राहिले. खोलीत ओल्या कोळशाचा वास दाटला. एकेक ठिपका लिफ्टमध्ये शिरला आणि दिसेनासा झाला.

खांबाच्या जागी एक उरला. तो त्याने घातलेला नव्हता.

शशिकांत उठून जिन्याशी गेला. "विष्णू... लाइट आ गई क्या?"

"नहीं, साहब..."

खाणीतून माणसं वर यायची असली, की तीन घंटा देतात.

ऑफिसच्या बंद लिफ्टमागे घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग तिसरी...

शशिकांत उलट्या पावलांनी टेबलापर्यंत आला. पडद्यावर तो उरलेला ठिपकाही मागे सरकत होता. शशिकांत थांबला.

ठिपकाही थांबला.