वीतभर मोकळी जागा

दाराला कडी होती. जाळी शाबूत होती. कुडाच्या भिंतीला कुठे भोक नव्हतं, अंगणात मुंगसाचा माग नव्हता, आणि एकाही कोंबडीच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. तरी सातांपैकी सहा कोंबड्या खुराड्यात मरून पडल्या होत्या. मग त्यांना मारलं कुणी?

सकाळी दार उघडणारी सुगंधा, म्हणजे घरादाराची सुगी, अकरा वर्षांची. ती ओरडली नाही की रडली नाही. राणी, भुरी, तुरेवाली, काळी आणि दोन पिवळ्या, एकेकीला तिनं उचलून बाहेर ओळीनं ठेवलं. लंगडी तेवढी दाराशी अंग चोरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होती. तिला मांडीवर घेतलं आणि मग मात्र सुगीला असं रडू फुटलं की शेजारच्या शेवंताकाकू चूल तशीच टाकून धावत आल्या.

कोंबड्या सुगीच्या असत्या तर दुःख एकपट असतं. त्या आईच्या होत्या. आई दहा महिन्यांपूर्वी चंद्रतळावर (चंद्रावरच्या माणसांच्या वस्तीत) दोन वर्षांच्या कामाला गेली होती. जाताना म्हणाली होती, "सुगे, बाकी काही नको, माझ्या कोंबड्या तेवढ्या जप गं." दर रविवारी भिंतीवरच्या पडद्यावर आई दिसायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "राणी कशी आहे?"

आणि आज शनिवार होता.

दुपारी आजोबा नाशिकहून परतले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते बाबांसोबत आठ दिवस गेले होते आणि तेवढे दिवस सुगी शेवंताकाकूंकडे होती. आजोबांनी आयुष्यभर एकच विषय धरला होता, बंद जागेतली हवा. चंद्रतळावरच्या घरांची हवा शुद्ध ठेवणारी यंत्रं त्यांच्या हाताखाली तयार झाली होती. हे खुराडंही त्यांनीच सुगीला हाताशी घेऊन बांधलं होतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. कारवीच्या काठ्यांचा कूड, आत बसायला आडवी दांडी, आणि पुढे फिरायला जाळीचं आवार. मुंगसानं उकरून आत येऊ नये म्हणून जाळी जमिनीत हातभर पुरलेली.

काळा चष्मा लावलेले आजोबा खुराड्यापुढे उकिडवे बसले.

"मुंगूस आलं असेल," सुगी म्हणाली.

"बघू या. आत हात घाल आणि छपराला लाव."

सुगीनं हात लावला. छप्पर आतून ओलंचिंब होतं.

"पाऊस नाही, काही नाही. मग पाणी कुठून आलं?"

सुगीनं विचार केला. थंडीत आरशावर फुंकर मारली की आरसा ओला होतो. "श्वासातून?"

"बरोबर. श्वासातून बाष्प (हवेत मिसळलेलं, डोळ्यांना न दिसणारं पाणी) बाहेर पडतं. गार छपराला लागलं की त्याचं पुन्हा पाणी होतं. आता वाकून वास घे. जपून हं."

सुगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे रडण्याचं नव्हतं, झोंबण्याचं होतं.

"हा अमोनिया (तिखट, झोंबणारा वायू). कोंबडीच्या शिटेत नत्र असतं. ओल मिळाली की जिवाणू (सूक्ष्मदर्शकातूनच दिसतील असे बारीक जीव) ती कुजवतात आणि त्यातून हा निघतो. यानं छाती बिघडते. गेल्या आठवड्यात शिंकत होत्या का गं?"

"हो. मला वाटलं, थंडीनं." सुगीचा आवाज बारीक झाला.

"आणि लंगडी तेवढी कशी वाचली असेल?"

लंगडीला दांडीवर चढता येत नसे, ती खाली दाराशी झोपे. दाराखाली बोटभर फट होती. सुगीनं तिथे गोणपाट कोंबलं होतं, पण आता त्याचा कोपरा चोचीनं टोकरून टोकरून बाहेर ओढलेला दिसत होता. सुगी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मुंगसाचं नाव तिला पुन्हा घेता येईना.

"आजोबा, मीच मारलं त्यांना."

मग तिनं सगळं सांगितलं. खुराड्याचा कूड लिंपताना आजोबांनी बजावलं होतं, वरची वीतभर जागा चारी बाजूंनी मोकळी सोडायची. ते नाशिकला गेले आणि शेवंताकाकू हसून म्हणाल्या, "अगंबाई, कूड अर्धाच लिंपलास? आळशी कुठली! थंडी काय अशी पडलीय, आणि मुक्या जिवांना उघड्यावर ठेवतेस?" आणि खरंच, त्या गावात अर्धवट लिंपलेला कूड कुणी ठेवत नाही, लोक नावं ठेवतात. सुगीनं त्याच दिवशी शेणामातीनं वरपर्यंत लिंपून काढलं, असं गुळगुळीत की काकूंनी शाबासकी दिली. काल संध्याकाळी गारठा फारच वाढला, तेव्हा वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला, दाराखाली गोणपाट कोंबलं आणि "आता ऊब लागेल हं," असं म्हणून कडी घातली.

आजोबांनी चष्मा काढून डोळे टिपले. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हटलं होतं.

"श्वास घेताना आपण हवेतला प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड (श्वासातून बाहेर टाकलेला वायू) सोडतो," ते सावकाश म्हणाले. "एवढीशी पेटी, सात जीव आणि बारा-तेरा तास. प्राणवायू सरत गेला, दुसरा साठत गेला. वर मोकळी जागा असती, तर अंगाच्या उबेनं तापलेली हवा हलकी होऊन तिथून बाहेर पडली असती, ओल आणि वास घेऊन. तिच्या जागी खालून ताजी आली असती."

"पण थंडी?"

"दांडी त्या जागेच्या बरीच खाली आहे. वारा डोक्यावरून जातो. पिसं फुगवली की अंगावर गोधडीच झाली. कोरडी कोंबडी थंडी सोसते गं. कोंडलेली नाही सोसत."

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं हे?"

आजोबा चरकले. "नाही सांगितलं खरं. नुसतं 'मोकळी सोड' म्हटलं, का ते सांगितलं नाही. जन्म गेला माझा याच विषयात, आणि नातीला दोन वाक्यं सांगायला वेळ झाला नाही. तुझ्या चुकीत माझी अर्धी आहे, सुगे."

सुगीला त्यानं हलकं वाटलं नाही. परसात खड्डा खणून दोघांनी सहा जणींना माती दिली.

रविवारी पडदा उजळला. "राणी कशी आहे?" आईनं विचारलं. मुंगूस म्हटलं तर संपलं असतं, जाळी बघायला आई थोडीच खाली येणार होती! आजोबा शेजारी बसले होते. सुगीनं डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं, गोणपाटासकट.

शब्द चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. अडीच सेकंद गेले, पाच गेले, दहा गेले. सुगीनं डोळे उघडले तर आई हुंदके देत होती.

"तुरेवाली पण?" तिनं विचारलं.

"हो."

"अगं, एवढीशी होती तेव्हा ओच्यात घेऊन फिरायचे मी तिला." आई पुन्हा रडली. 'असू दे' असं काही ती म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं नाक पुसून म्हणाली, "माझं हे घरही पूर्ण बंदच आहे, सुगे. इथे फट ठेवली तर आहे ती हवाही निघून जाईल. म्हणून रोज उठले की आधी हवेचं यंत्र तपासते, मग तोंड धुते. तू खरं सांगितलंस. मला राग आलाय, आणि तू मला हवी आहेस, दोन्ही. लंगडीला सांभाळ. तिला काकूंच्या कोंबड्याबरोबर सोडत जा, आणि त्यांची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली की तिच्याखाली लंगडीची अंडी ठेव."

सोमवारी सुगीनं प्लास्टिकचा कागद सोडून टाकला आणि खुरपं घेऊन स्वतःचं गुळगुळीत लिंपण वरून वीतभर फोडून काढलं, चारी बाजूंनी. तिथे जाळी ठोकली, शिटा काढल्या, खाली कोरडा भुसा पसरला. शेवंताकाकू बघायला आल्या, तेव्हा अर्धा कूड का, हे तिनं त्यांना पहिल्यापासून समजावलं. काकूंच्या डोळ्याला पदर लागला.

संध्याकाळ झाली. लंगडी काही केल्या आत जाईना. दाणे टाकले, हाक मारली, उचलून ठेवली तर ओरडत बाहेर. तिला बाष्प नि प्राणवायू कोण समजावणार?

सुगी तिच्याकडे बघत राहिली. मग गुडघे पोटाशी घेऊन, सरपटत, ती स्वतःच त्या तीन फुटांच्या पेटीत शिरली.

"आजोबा, दार लावा. आणि इथेच बसा."

आजोबांनी दार लावलं आणि शेजारी कुडाला टेकून बसले. आत काळोख होता. सुगीनं लांब श्वास घेतला. भुशाचा वास आला, बाकी कसला नाही. वरून गार हवा आली आणि तिच्या केसांना लागून गेली. तिनं दुसरा श्वास घेतला, मग तिसरा. सहा नावं घेऊन तिनं सहा श्वास घेतले, आणि पुन्हा रडली.

बऱ्याच वेळानं तिनं आतून दार ढकललं. लंगडी दाराशी येऊन उभी होती. मान वाकडी करून तिनं आत पाहिलं, सुगीकडे पाहिलं, आणि एक पाय आत टाकला.